शांततेचा उच्चार, नावांचा संकोच

२० एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या रविवारी, व्हॅटिकनच्या सज्जात आलेल्या पोप फ्रान्सिस यांच्या अंगी शुभेच्छांच्या दोन शब्दांपलीकडे बोलण्याचे त्राण उरले नव्हते. त्यांचा संदेश आर्चबिशप दिएगो राव्हेल्ली यांनी वाचून दाखविला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पोप निवर्तले. गाझा, युक्रेन, सुदान, म्यानमार अशी नावे घेणारा तो संदेश खऱ्याखुऱ्या नि:शस्त्रीकरणावाचून शांतता अशक्य असल्याचे बजावत होता. राजकीय जबाबदारी पेलणाऱ्यांनी भयाच्या आहारी जाऊ नये, असे आवाहनही त्यात होते.

अशा संदेशांतील ‘शांतता’ कोणालाच दुखावत नाही. बोचते ती जबाबदारी. २००३ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी इराक युद्ध टाळण्यासाठी कार्डिनल पिओ लाघी यांना थेट बुश यांच्याकडे धाडले होते. चर्चला जाणाऱ्या अध्यक्षांनी त्यांचे ऐकून घेतले आणि त्याच महिन्यात युद्ध पुकारले.

फ्रान्सिस यांच्या निधनानंतर भारताने तीन दिवसांचा दुखवटा पाळला, अंत्यविधीस राष्ट्रपती गेल्या. शिष्टाचारात उणे काही राहिले नाही. परंतु त्याआधी चार महिने, २३ डिसेंबर २०२४ रोजी, दिल्लीत कॅथलिक बिशपांच्या नाताळ समारंभात पंतप्रधानांनी जर्मनी आणि श्रीलंकेतील हल्ल्यांविषयी वेदना व्यक्त केली, तेव्हा मणिपूरविषयीचे मौन टीकेचा विषय ठरले. ३ मे २०२३ पासून तेथे दोनशेहून अधिक माणसे मारली गेली होती. पंतप्रधान तेथे पोहोचले ते १३ सप्टेंबर २०२५ रोजी.

बिशपांचा मार्गही सोपा नाही. मदर तेरेसांच्या संस्थेचा विदेशी निधीचा परवाना नूतनीकरणाचा अर्ज गृहमंत्रालयाने फेटाळला तो २५ डिसेंबर २०२१ रोजी, ऐन नाताळात. जानेवारीत परवाना परत मिळाला खरा, पण संकेत पोहोचायचा तो पोहोचला. असे परवाने ज्यांना वारंवार मागावे लागतात, ते व्यासपीठावरून किती स्पष्ट बोलणार? तरीही मणिपूरची अडचण केवळ दिल्लीच्या धाकाची नाही. तेथे कुकींची चर्च जळाली, मैतेई ख्रिस्ती समाजाचीही जळाली आणि मंदिरेही. हा संघर्ष मुख्यत: वांशिक असल्याने तेथील धर्मगुरूंना आधी आपल्याच प्रार्थनासभेत बसलेल्यांना शस्त्रे खाली ठेवण्यास सांगावे लागते.