मागच्या बाकावरचं मत

आपल्या महाविद्यालयांत चर्चा ही गोष्ट अभ्यासक्रमाच्या कागदावर असते, वर्गात क्वचितच दिसते. तास संपत आला की सर विचारतात, ‘‘कुणाला काही म्हणायचंय?’’ पुढच्या बाकावरचे नेहमीचे तिघं-चौघं बोलतात, सर ‘छान’ म्हणतात, घंटा होते आणि हजेरीपटावरच्या शंभर मुलांची चर्चा झाली असं धरलं जातं. उरलेल्यांना मत नसतं का? असतं. ते बाहेर काढायचा मार्गही अवघड नाही. आधी लिहायला सांगावं, मग बोलायला. आणि लिहिलेलं मुलांनी एकमेकांचं वाचावं.

गप्प बसणारे असतात तरी कोण? वाडीवरच्या शाळेतून आलेला, आपली बोली ऐकून वर्ग हसेल या धास्तीने तोंड मिटून बसणारा मुलगा. दुपारची एसटी गाठायची म्हणून घड्याळाकडे लक्ष ठेवून बसलेली मुलगी. आणि ज्याला विचार करायला वेळ लागतो तो. त्याचं उत्तर तयार होईपर्यंत प्रश्न पुढे गेलेला असतो. यातला एकही मंद नसतो. वर्गाची चाल त्यांच्या चालीशी जुळत नाही, इतकंच.

तशी आपली मुलं लिहितात भरपूर, पण कुणासाठी? कधी न भेटणाऱ्या परीक्षकासाठी. तीन-तीन वर्षं एका बाकावर बसलेल्या दोघांनी एकमेकांची एक ओळही वाचलेली नसते. उत्तरपत्रिका गठ्ठ्यात जाते आणि गुणांच्या रूपाने परत येते. आपण लिहिलेलं वाचून कुणी ‘मला हे पटत नाही, कारण...’ असं उलट लिहील, हा अनुभव पदवी हातात पडेपर्यंत अनेकांना येतच नाही.

माझी नोकरीची वर्षं बँकेत गेली, त्यामुळे मला इथे कर्जाची फाईल आठवते. कनिष्ठ अधिकारी पाहणी करून टिपण लिहायचा. त्याखाली त्याच्या वरचा आपला शेरा लिहून सही करायचा आणि व्यवस्थापकाचा निर्णय सगळ्यात शेवटी यायचा. साहेबांसमोर बैठकीत चकार शब्द न काढणारी माणसं त्या कागदावर ‘वसुलीची खात्री वाटत नाही’ असं बेधडक लिहीत. कागद मध्येच तोडून बोलत नाही, हे एक कारण. दुसरं महत्त्वाचं : सर्वांत धाकट्याने आधी लिहायचं असे, साहेबांचं मत काय हे कळण्यापूर्वी. वर्गात आपण नेमकं उलट करतो. आधी सर बोलतात, मग मुलं त्यांच्याच मताची री ओढतात.

दोनेक वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी व्याख्यानाला गेलो असताना तिथल्या मराठीच्या बाईंनी मला त्यांच्या वर्गाची वही दाखवली. साधी, रेघांची, जाड पुठ्ठ्याची. दर आठवड्याला एक प्रश्न. प्रत्येकाने आठ-दहा ओळी लिहायच्या, आणि आधी लिहिलेल्यांपैकी एकाला तरी उत्तर द्यायचं. बाई शेवटी लिहिणार. प्रश्न होता अभ्यासाला असलेल्या कादंबरीतल्या थोरल्या बहिणीबद्दल : तिने जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करावी का? एका मुलाने ठणकावून लिहिलं होतं की हिस्सा मागणारी बहीण घर फोडते. त्याखाली बारीक अक्षरात एका मुलीने लिहिलं होतं, ‘माझ्या आईने सही केली. कागदावर काय आहे ते तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.’ आणखी चार नोंदींनंतर त्याच मुलाचं अक्षर होतं, ‘आमच्याही आत्याची सही घेतलेली आहे. तिला विचारून बघतो.’

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली आणि केंद्राने २००५ साली. कायद्याची ही कलमं पाठ करून त्या मुलाला गुण मिळाले असते. पण आत्याला विचारावंसं वाटलं ते शेजारच्या बाकावरच्या अक्षरामुळे. ती मुलगी वर्गात कधीच बोलत नाही, असं बाईंनी सांगितलं.

यात नवं काही नाही. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. तरुण दादाभाई नौरोजी त्यात होते. निबंध लिहून आणायचा, सर्वांसमोर वाचायचा आणि मग त्यावर बोलायचं, अशी रीत. स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला, तो नुसत्या चर्चेवर थांबला नाही. १८४९ साली या मंडळींनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि पगार न घेता स्वतः शिकवलं. अलीकडचं उदाहरण हार्वर्ड विद्यापीठातलं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१च्या सुमारास व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न टाकायला सुरुवात केली. प्रत्येकाने आधी स्वतःचं उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. दुसऱ्या खेपेला बरोबर उत्तरं वाढतात असं त्यांना दिसलं. नुकतंच ज्याला समजलं, त्याला आपण कुठे अडलो होतो हे अजून आठवत असतं. गुरुजींना ते विसरून कित्येक वर्षं झालेली असतात.

आपल्याकडे वादविवाद स्पर्धा काय कमी होतात, असं कुणी म्हणेल. होतात, आणि फिरते करंडकही मिळतात. पण तिथे बाजू ठरवून दिलेली असते आणि मत बदलणं म्हणजे हार. न्यायशास्त्राने वाद आणि जल्प वेगळे मानले आहेत : सत्य कळावं म्हणून केला तो वाद, जिंकण्यासाठी केला तो जल्प. जल्पाचं शिक्षण आपण उत्तम देतो. वादाचं द्यायचं राहून जातं.

अडचणी आहेतच. अनेक महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकाने शंभर नोंदी कधी वाचाव्यात? तेव्हा वर्गाचे तीस-तीसचे गट करावेत आणि शिक्षकाने आठवड्याला एकच गट वाचावा. गुण मात्र देऊ नयेत. गुण आले की सगळे ‘मी सहमत आहे’ लिहून मोकळे होतात. तपासणीला दाखवायची फाईल म्हणून तर ही वही मुळीच ठेवू नये. आणि आता मोबाइलमधली कृत्रिम बुद्धिमत्ता सुबक निबंध क्षणात लिहून देते, ही भीती? ती खरी आहे. पण ‘स्त्रियांचे अधिकार’ या विषयावर ती पानं भरून देईल. शेजारणीच्या आईने केलेल्या सहीवर तुम्हाला काय वाटतं, हे तुमचं तुम्हालाच लिहावं लागेल.

यासाठी शासननिर्णय लागत नाही. एक वही लागते, आणि शेवटी लिहिण्याची तयारी असलेला शिक्षक. पालकांनाही एक करता येईल. आज सगळे घरी असतील, तर मुलांना ‘किती मार्क पडले’ हे एक दिवस विचारू नका. या आठवड्यात वर्गात कुणाचं म्हणणं पटलं नाही आणि का, ते विचारा. ‘आम्हाला एकमेकांचं म्हणणं माहीतच नाही’ असं उत्तर आलं, तर पुढच्या पालकसभेत बोलायला एक विषय मिळाला असं समजा.