विश्लेषण : पोकर शिकायचाय? आधी ‘पॅक’ करायला शिका!

२२ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. त्या दिवशी बैलपोळा होता. जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीपासून (सोलापूर महामार्गावरची टेंभुर्णी वेगळी) मराठवाड्यातल्या गावोगावी बैलांची शिंगे रंगवण्याचा हा दिवस. त्याच दिवशी दिल्लीत राष्ट्रपतींनी ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली. पोळा आणि पत्ते यांचे नाते मराठवाडा-विदर्भात नवे नाही. सणाच्या आसपास पारावर, शेडमध्ये, शेतातल्या आखाड्यावर डाव बसतात आणि पाठोपाठ तिर्रट, झन्नामन्ना खेळताना धाड पडल्याच्या बातम्याही येतात. मात्र गेल्या काही वर्षांत डाव पारावरून उठून मोबाइलवर गेला होता, आणि तिर्रटच्या जागी एक इंग्रजी नाव आले होते : पोकर.

हे नाव आले ते एका दाव्यासह. हा जुगार नाही, कौशल्याचा खेळ आहे. सराव केला की जमतो. दावा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो घातक ठरला.

कायद्याने नेमके काय बंद केले?

पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्नच या कायद्याने बाजूला ठेवला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैशांचे व्यवहार पार पाडून देणाऱ्यांवरही कारवाई. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार ठरवलेले नाही. विधेयक मांडताना सरकारने दिलेला अंदाज असा होता की, देशातील ४५ कोटी लोक दरवर्षी सुमारे २० हजार कोटी रुपये या खेळांत गमावतात. कायदा येताच ड्रीम११, एमपीएल, पोकरबाजी यांनी पैशांचे खेळ थांबवले. कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

पैसे न लावता, करमणुकीसाठी खेळायचे ऑनलाइन खेळ या बंदीत येत नाहीत. म्हणजे पोकर शिकण्यावर बंदी नाही. बंदी आहे ती पैजेवर.

पोकर म्हणजे तीनपत्तीच ना?

गावाकडचा नवशिका इथेच पहिल्यांदा फसतो. तीनपत्तीत तीन पत्ते मिळतात, तिन्ही झाकलेले. समोरच्याकडे काय आहे याचा अंदाज बांधायला चालीखेरीज काहीच हाती नसते. पोकरच्या ‘टेक्सास होल्डम’ या प्रकारात प्रत्येकाला दोनच पत्ते झाकलेले मिळतात आणि पाच पत्ते सगळ्यांसाठी मध्ये उघडे मांडले जातात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. प्रत्येक टप्प्यावर पैज लावायची, वाढवायची किंवा पॅक करायचे. सातपैकी उत्तम पाच पत्त्यांचा डाव ज्याचा, तो जिंकला. मध्ये उघडलेले पत्ते सगळ्यांना दिसतात, म्हणून हिशेबाला वाव राहतो.

न्यायालयांनीही हा फरक ओळखला आहे, पण त्यांच्यात एकमत नाही. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे आणि तो तीन पत्त्यांच्या खेळासारखा निव्वळ नशिबाचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले. पोकरबाबत गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारच असल्याचे सांगितले, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्याला कौशल्याचा खेळ मानले. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे आणि उघड्यावर पैसे लावून बसलेल्या मंडळींवर त्याखालीच गुन्हे दाखल होतात. पंचनामा करणारे पोलीस ‘होल्डम’ आणि ‘तिर्रट’ यांच्यातला फरक समजून घेत बसणार नाहीत, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

तीनपत्तीची सवय असलेल्याला आणखी एक गोष्ट अडखळवते. तीनपत्तीत सीक्वेन्स कलरपेक्षा मोठा. पोकरमध्ये उलटे : कलर सीक्वेन्सला मारतो. हा कुणाचा लहरी नियम नाही, त्यामागे मोजणी आहे. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० डाव होऊ शकतात. त्यांत साधे सीक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पत्त्यांचे डाव २५,९८,९६०. त्यांत साधे सीक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. जो डाव दुर्मीळ, तो मोठा. एवढे ज्याला कळले, त्याच्यासाठी पोकर हा नशिबाचा खेळ न राहता मोजणीचा खेळ व्हायला लागतो.

नवशिक्याने शिकायचे तरी काय?

सगळ्यांत आधी, न खेळणे. ऐकायला विचित्र वाटते, पण नवशिक्या खेळाडूचा सर्वांत मोठा दोष हाच की तो प्रत्येक डावात उतरतो. पत्ते आले आहेत तर पाहू तरी, असे म्हणत. हाती येणाऱ्या दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या संभवतात आणि त्यांतल्या बहुतेक टाकाऊ असतात. दोन एक्के सरासरी २२१ डावांत एकदा येतात. जाणकार खेळाडू चारपैकी साधारण तीन डाव सुरुवातीलाच पॅक करतात. तासभर नुसते बसून दुसऱ्यांचे पाहत राहणे ज्याला जमत नाही, त्याला पुढचे काहीही शिकवून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट बसण्याच्या जागेची. शेवटी चाल करणाऱ्याला बाकी सगळ्यांनी काय केले हे आधी दिसते. बाजार समितीत बाकीच्यांचे भाव ऐकून मग आपला आकडा सांगणाऱ्यासारखीच ही सोय आहे. म्हणून जे पत्ते घेऊन शेवटी बसून खेळता येते, तेच पत्ते पहिल्या जागेवरून टाकून द्यावे लागतात.

तिसरा आणि खरा धडा गणिताचा, तोही सातवीच्या पातळीचा. समजा, हातात बदामचे दोन पत्ते आहेत आणि मध्ये उघडलेल्या चार पत्त्यांतही बदामचे दोन आहेत. आणखी एक बदाम आला की कलर. गड्डीत बदामचे नऊ शिल्लक, न दिसलेले पत्ते ४६. म्हणजे शेवटच्या पत्त्यावर बदाम येण्याची शक्यता साधारण २० टक्के. मध्ये १०० चिंचोके जमले आहेत आणि समोरच्याने ५० लावले. आता ५० टाकून १५० मिळवायचे आहेत. हा सौदा तोट्याचा ठरू नये म्हणून किमान २५ टक्के शक्यता हवी. आहे २० टक्के. पॅक. बदाम येणारच, असे मन कितीही सांगत असले तरी पॅक. मात्र दोन पत्ते उघडायचे बाकी असतील आणि पुढे पैज वाढणार नसेल, तर हीच शक्यता ३५ टक्क्यांवर जाते आणि खेळणे योग्य ठरते. टेबलावरचा झटपट हिशेब असा : कामाचे पत्ते मोजायचे, एक पत्ता बाकी असेल तर दोनने गुणायचे, दोन बाकी असतील तर चारने.

महाभारतातल्या नळाची गोष्ट इथे आठवल्यावाचून राहत नाही. द्यूतात राज्य घालवलेल्या नळाला ऋतुपर्ण राजा अक्षविद्या शिकवतो. पण त्याआधी तो धावत्या रथातून बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे मोजून सांगतो. फाशांची विद्या मोजण्यापासून सुरू होते, हे त्या गोष्टीला तेव्हाही ठाऊक होते.

चौथी गोष्ट थापेची. ‘चॅलेंज’ खेळलेल्या प्रत्येक पोराला थाप मारता येते, त्यामुळे ब्लफ हेच पोकर, असा समज पसरला आहे. सिनेमांनी तो वाढवला. प्रत्यक्षात जो पॅक करतच नाही, त्याच्यासमोर ब्लफ निव्वळ वाया जातो, आणि नवशिक्यांच्या टेबलावर कुणीच पॅक करत नाही.

जिंकलो, म्हणजे बरोबर खेळलो?

नाही. पोकर शिकायला कठीण आहे ते यामुळेच. दोन एक्के विरुद्ध दोन राजे अशी लढत झाली, तर १०० पैकी सुमारे १८ वेळा राजे जिंकतात. अचूक खेळलेला हरतो आणि मूर्खासारखा खेळलेला गल्ला उचलतो. बुद्धिबळात चूक लगेच अंगावर येते, इथे चुकीला बक्षीसही मिळते. पहिल्या रात्री हजार रुपये जिंकणारा तरुण त्याला आपले कौशल्य समजतो. कौशल्य दिसायला हजारो डाव लागतात. म्हणून वहीत निकाल लिहायचा नसतो, निर्णय लिहायचा असतो. काय हातात होते, काय समोर होते, का खेळलो. दुसऱ्या दिवशी शांतपणे वाचले की चुका दिसतात.

मग कौशल्य असूनही बहुतेक जण का हरतात?

कारण टेबलावर पैसा उगवत नाही. शेती जुगार आहे, असे वैतागून म्हटले जाते, पण शेतात एका दाण्याचे कणीस होते. पोकरमध्ये एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात जाते, आणि वाटेत बसवणारा आपला वाटा काढून घेतो. अड्ड्यावर त्याला नाल म्हणतात, ॲपवर रेक. सहा जण ५०० रुपये घेऊन बसले, तर एकूण ३,००० रुपये. प्रत्येक डावात सरासरी २०० जमले, त्यावर पाच टक्के रेक म्हणजे दहा रुपये. तासाला ३० डाव धरले तर ३०० रुपये. चार तासांत १,२०० रुपये टेबलावरून नाहीसे झाले. उरलेल्या १,८०० रुपयांत सहा जणांनी जिंकायचे आहे! ॲपवर डाव याहून कितीतरी वेगाने फिरतात. त्यावर ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता आणि निव्वळ जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के कर कपात होत असे. इतके ओझे वाहून नफ्यात राहायला उरलेल्यांपेक्षा थोडे नव्हे, खूपच सरस असावे लागते. नवशिका तसा नसतो, व्याख्येनेच नसतो.

शिवाय समोर माणूसच आहे, याची खात्री कोण देणार? कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांच्या ‘प्लुरिबस’ या प्रोग्रामने २०१९ मध्येच सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवले होते. बंदीनंतर परदेशी सर्व्हरवरच्या ॲपच्या लिंक फिरवणाऱ्यांकडे तर तक्रार करायलाही कुणी नसते.

चिंचोक्यांवर शिकता येतो का?

येतो, पण एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. फुकटचे चिंचोके असले की कुणी पॅक करत नाही. सगळे सगळ्या डावांत उतरतात आणि खेळाचा आत्माच निघून जातो. पैजेचे समर्थन करणारे नेमके हेच सांगतात : पैसा लागल्याशिवाय खेळ खरा होत नाही. हे म्हणणे मात्र पटण्यासारखे नाही. खेळ खरा व्हायला वस्तू महाग असावी लागत नाही, ती मोजकी असावी लागते. प्रत्येकाला महिन्याला २०० चिंचोके द्यावेत, संपले की पुढच्या महिन्यापर्यंत नुसते बघत बसावे, आणि शिल्लक भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. ज्याचे सर्वांत कमी, त्याने चहा करायचा. दोन महिन्यांत पोरे पॅक करायला लागतात.

टेंभुर्णीसारख्या गावात त्यासाठी ॲप लागत नाही, रिचार्जही नाही. पत्त्यांचा एक कॅट, चिंचोके, २०० पानी वही आणि रात्रीच्या जेवणानंतरचा तासभर, एवढ्यात हे बसते.