मोरोपंत : एका गृहस्थाचे काव्य

मोरोपंतांचे चरित्र आमच्या पाठ्यपुस्तकांतून चार ओळींत उरकले जाते. जन्म १७२९, पन्हाळगडावर, आडनाव पराडकर, बारामतीस नाईकांच्या आश्रयाला वास्तव्य, मृत्यू १७९४. पाचव्या ओळीपासून आर्यांची मोजणी सुरू होते. याचा दोष सर्वस्वी पाठ्यपुस्तककारांकडे जात नाही, कारण सांगण्यासारखे काही 'घडले' असे या आयुष्यात खरोखरच थोडे आहे. चाळीसएक वर्षे एका गावात राहून, संसार करून, पुराण सांगून आणि काव्य रचून हा मनुष्य गेला. आम्हांस असे वाटते की, हे न घडणे हीच त्यांच्या काव्याकडे जाण्याची खरी वाट आहे, आणि पंडिती काव्य शिकवताना आपण नेमकी तीच बुजवून टाकतो.

मराठी वाचकाला कवीचे चरित्र कसे हवे असते ते पाहा. ज्ञानेश्वरांना समाजाने वाळीत टाकलेले असते, तुकोबांच्या वह्या नदीत जातात, रामदास बोहल्यावरून निघून जातात. गृहस्थाश्रमी संत म्हणून एकनाथांकडे बोट दाखवले जाते खरे; पण नाथांच्या घरी पाणी भरायला श्रीखंड्या येतो, म्हणजे तिथेही संसाराला दैवी साहाय्य मिळाल्यावाचून आपले समाधान होत नाही. मोरोपंतांच्या घरी असा कोणी पाणक्या आल्याची कथा लोकांच्या तोंडी नाही. त्यांचे पाणी कऱ्हेतून घरच्याच कोणीतरी आणले असणार!

या कऱ्हेच्याच काठी, बारामतीच्या वरच्या अंगाला मोरगाव आहे. मयूरेश्वराचे क्षेत्र, अष्टविनायकांतले पहिले. मोरेश्वर हे कवीचे पाळण्यातले नाव त्या दैवताचेच, आणि काव्यातली 'मयूर' ही नाममुद्राही त्याच नावाची. मोरगावच्या याच गणपतीच्या उपासनेतून आणखी एक नाव महाराष्ट्रभर गेले, ते मोरया गोसावींचे. त्यांनाही पत्नी होती, चिंतामणी नावाचा पुत्र होता. पण चिंचवडला लोक दर्शनाला जातात ते त्यांच्या संजीवन समाधीच्या. एकाच दैवताच्या नावाची ही दोन माणसे. एकाच्या नावाचा गजर झाला, दुसऱ्याच्या वाट्याला परीक्षेतला आठ गुणांचा प्रश्न आला.

पंतांचे घराणे मूळचे कोकणातले. पन्हाळ्यावर केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंपाशी त्यांचे संस्कृत अध्ययन झाले, आणि पंचविशीच्या सुमारास ते बारामतीस आले. वडील रामजीपंत आधीच नाईकांच्या पदरी होते. हे नाईक म्हणजे साधे गावचे सावकार नव्हेत. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई या घराण्यात दिलेली होती, आणि १७४० साली बाजीरावांच्या निधनानंतर पेशवेपदासाठी ज्यांचे नाव पुढे करण्यात आले होते ते बाबूजी नाईक हेच. अशा बड्या घराचा आश्रय मिळाल्यावर दरबारी कवीने काय करावे याची रूढ कल्पना आपल्याला संस्कृतातून आणि फारसीतून मिळालेली आहे : धन्याची स्तुती करावी, त्याच्या लढाया गाव्यात, बिदागी घ्यावी. मोरोपंतांच्या प्रचंड रचनेत हा भाग नगण्य आहे. त्यांचे काम वेगळे होते. ते पुराणिक होते.

पुराणिक म्हणजे काय, हे आज साहित्याच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागते, म्हणून येथे थोडे थांबतो. वाड्यात किंवा देवळात ठरल्या वेळी आसन मांडायचे, पोथी उघडायची, संस्कृत श्लोक वाचायचा आणि समोर बसलेल्यांना त्याचा अर्थ मराठीत उलगडून सांगायचा. समोर कोण बसलेले असते? दोन-चार जाणते शास्त्री, जे चूक काढायला टपलेले असतात. घरातल्या वृद्ध स्त्रिया, ज्यांना कथा आधीच पाठ असते. दिवसभराच्या हिशेबाने थकलेले कारकून. आणि कंटाळलेली मुले. पुराणिकाने यांतल्या कोणालाही सोडून चालत नाही. अर्थ चुकला तर शास्त्री उठतो, लांबला तर मूल उठते. आणि आज कंटाळा आणला तर उद्याही हेच श्रोते समोर असतात. फिरत्या कीर्तनकाराला गाव बदलता येते, बारामतीच्या पुराणिकाला ती सोय नव्हती. एकाच गावातल्या माणसांना, बहुधा त्यांच्या मुलांनाही, वर्षामागून वर्षे महाभारत सांगणाऱ्या माणसाची ही विद्या आहे. मोरोपंतांचे काव्य हातात घेताना हा श्रोतृवर्ग डोळ्यांसमोर ठेवला नाही, तर ती नुसती यमकांची रास वाटते. तशी ती अनेकांना वाटलेली आहे.

आर्येचेच पाहू. मोरोपंतांची आर्या ही छंदःशास्त्राच्या काटेकोर हिशेबाने गीती आहे. संस्कृत आर्येचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा तीन मात्रांनी आखूड असतो. पंतांनी दोन्ही अर्धे तीस-तीस मात्रांचे घेतले आणि त्यांना यमकाने बांधले. म्हणजे कथा साठ मात्रांच्या सारख्या मापाने पुढे सरकते, आणि प्रत्येक माप कानाला पूर्ण झाल्याचे कळते. महाभारताची संख्या परंपरेने एक लक्ष धरतात. पंतांचे आर्याभारत सुमारे सतरा हजार आर्यांचे. अठराही पर्वे ठेवून एवढा संकोच करायचा तर काय टाकावे हे कळले पाहिजे, आणि ते ग्रंथांतून कळत नाही, श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरून कळते. वंशावळी आणि उपदेश जेथे लांबतात तेथे पंत भराभर चालतात. संवाद आला, दोन माणसे समोरासमोर उभी राहिली, की त्यांची आर्या थांबते, टोमणा मारते, उलट उत्तर घेते. कर्णपर्वातला शल्य आणि कर्ण यांचा वाद वाचकांनी मोठ्याने वाचून पाहावा. मनातल्या मनात वाचला तर संस्कृत समासांना अडखळायला होते. मोठ्याने वाचला तर तेच समास वाड्यातल्या भांडणासारखे ऐकू येतात.

हे काव्य एका विशिष्ट काळात ऐकले गेले, ही गोष्टही आम्हांस महत्त्वाची वाटते. मोरोपंत तिशीत असताना पानिपत झाले. पुढे १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, आणि गादीसाठी चुलत्या-पुतण्यांच्या पक्षांत राज्य दुभंगले. पंतांनी या घटनांवर काव्य रचले नाही, म्हणून 'समकालीन वास्तवाला पाठ फिरवणारा कवी' असा शेरा आपण वर्गात सहज मारतो. पण पेशव्यांच्या सोयऱ्यांच्या गावात, पानिपताने माणसे नेली अशा घरांतले कोणी ना कोणी पुराणाला बसलेले असणार. त्यांच्यापुढे हा पुराणिक कोणती कथा सांगत होता? राज्याच्या वाट्यावरून भाऊबंद एकमेकांना मारतात, कोवळा मुलगा चक्रव्यूहात एकटा सापडतो, युद्ध संपल्यावर बायका रणभूमीवर आपापली माणसे शोधत हिंडतात, ही. वेगळा 'संदर्भ' देण्याची गरज नव्हती, तो श्रोत्यांनी घरूनच आणलेला होता. आमचे हे अनुमान आहे. त्याला पंतांच्या शब्दांचा आधार दाखवता येणार नाही. पण ज्या काव्याचा श्रोता ठाऊक आहे, त्याचे मौनही त्या श्रोत्यासह वाचावे, एवढे म्हणण्याचा अधिकार टीकेला असावा.

आता कृत्रिमतेचा आरोप. तो खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. एकशेआठ रामायणे रचणे, त्यांपैकी एकात ओष्ठ्य वर्ण अजिबात न येऊ देणे, दुसऱ्यात त्रयोदशाक्षरी राममंत्राची अक्षरे ओवून ठेवणे, हे प्रकार काव्य म्हणून आज आमच्याने वाचवत नाहीत. निरोष्ठ रामायणात तर 'म' ओष्ठ्य असल्यामुळे रामाचे नावच घेता येत नाही. रामकथेची याहून गंमतीदार अडवणूक दुसरी नसेल. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत मोरोपंतांच्या कवितेचा कैवार घेतला, त्या कैवारानेही ही रामायणे काव्य ठरत नाहीत. पण त्यांच्याकडे काव्य म्हणून पाहावेच का? रोज सकाळी पूजा आटोपल्यावर एक माणूस बसतो आणि रामनामाची एकशेआठ मण्यांची माळ ओढण्याऐवजी एकशेआठ रामकथा रचतो. जप हा नियमाने करायचा असतो, स्फूर्तीची वाट पाहून नाही. आपली काव्यकल्पना केशवसुतांपासूनची आहे. कवी म्हटला की त्याला झपाटलेले असले पाहिजे. नियमितपणा हा आपण कारकुनाचा गुण समजतो. पंतांची एकूण रचना पाऊण लाख पद्यांच्या घरात धरतात, ती झपाटून झालेली नाही.

आणि झपाटलेपणच पाहायचे तर केकावली आहे. केका म्हणजे मोराची आरोळी. पृथ्वी वृत्तातल्या सुमारे सव्वाशे श्लोकांच्या या काव्यात उतारवयाचा गृहस्थ देवाशी बोलतो. आणि कसा बोलतो? आयुष्यभर पुराण सांगितलेल्या माणसासारखा. अजामिळाला तारलेस, गजेंद्रासाठी धावलास, मग माझ्याच वेळी उशीर का, असे दाखले काढून तो देवाला त्याच्याच पोथीत पकडतो. आर्जव आहे, पण त्यात घरच्या माणसाचा हक्क आहे. सत्संगती मागणारा यातला श्लोक अनेक पिढ्यांनी शाळेच्या प्रार्थनेत म्हटला. त्यात विषयांची नावड मागितली आहे. घर सोडून जाण्याची मुभा मात्र मागितलेली नाही. दादोबा पांडुरंगांसारख्या व्याकरणकाराला या छोट्या काव्यावर 'यशोदापांडुरंगी' ही स्वतंत्र टीका लिहावीशी वाटली आणि तिला त्यांनी आपल्या आईवडिलांचे नाव दिले, हा योगायोग आम्हांस आवडतो. मोरोपंतही आपल्या काव्यात 'रामनंदन' म्हणून वडिलांच्या नावानेच स्वतःची ओळख देतात.

मोरोपंतांचा समाज कोणता, हा प्रश्न विचारायलाच हवा. वाड्यातले आणि देवळातले पुराण गावातल्या सगळ्यांना ऐकता येत नव्हते. अठराव्या शतकातल्या बारामतीत कोणाला ओसरीवर जागा होती आणि कोणाला अंगणाबाहेर उभे राहण्याचीही मुभा नव्हती, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. संतांच्या स्तुतीसाठी 'सन्मणिमाला' रचणाऱ्या कवीने ही चौकट मोडली नाही. तो बंडखोर नव्हता, आणि आजच्या सोयीसाठी त्याला तसे रंगवणे अप्रामाणिक ठरेल. मात्र त्या चौकटीच्या आत तो कोणापर्यंत जाऊ पाहत होता, याची खूण त्याच्या रचनेतच आहे. सीतागीत, सावित्रीगीत, रुक्मिणीगीत ही त्याची गीते बायकांनी म्हणावीत अशी आहेत. समासांचा हा शिल्पकार तेथे वाकून, साध्या चालीत, जात्याजवळच्या भाषेत येतो. पंडित म्हणून त्यात मिरवण्यासारखे काही नव्हते. शास्त्र्यांच्या सभेत सीतागीताला कोण मान देणार होते?

सोलापूरच्या रामजोशींची गोष्टही याच जातीची. तमाशाच्या बोर्डावर लावणी गाणारा हा ब्राह्मण शाहीर. परंपरा सांगते, की मोरोपंतांनी त्याची बुद्धी ओळखली, त्याला कीर्तनाकडे वळवले, आणि पुढे त्याच्याच तोंडून पंतांच्या आर्या गावोगाव गेल्या. पंत स्वतः बारामतीतच राहिले. रामजोशींवर १९४७ साली चित्रपट निघाला, आणि तो रंगतदार व्हावा असे आयुष्यही त्यांना लाभले होते. मोरोपंतांवर कोणी चित्रपट काढील असे वाटत नाही. बारामती म्हटल्यावर आज वाचकांच्या मनात प्रथम जे नाव येते तेही मोरोपंतांचे नव्हे. त्याबद्दल येथे अधिक न बोललेले बरे.

१७९४ च्या चैत्र पौर्णिमेला पंत गेले. महादजी शिंदे त्याच वर्षी, दोन महिन्यांपूर्वी वारले होते; इतिहासाच्या पुस्तकात ते वर्ष महादजींचे आहे. कवितेचा संसार मात्र घरच्यांनी आणि कीर्तनकारांनी पुढे चालवला. एकोणिसाव्या शतकात छापखाना आला, तोवर हरदासांच्या उत्तररंगात या आर्या जिवंत होत्या. ल. रा. पांगारकरांनी १९०८ साली विस्तृत चरित्र लिहिले, पराडकर घराण्यातल्या रा. द. पराडकरांनी समग्र काव्य छापण्याचे कष्ट उपसले. पुढे नारदीय कीर्तन ऐकणारे कमी झाले आणि आर्या कानावरून उतरून कागदावर आली. ती अवघड वाटू लागली, ती तेव्हापासून.

विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत जिथे मोरोपंत अजून उरले आहेत, तिथे बहुधा केकावलीचे निवडक श्लोक, आर्याभारताचा एखादा उतारा आणि 'पंडिती काव्याची वैशिष्ट्ये' अशी टीप, एवढ्यावर भागते. निरोष्ठ रामायणाचा उल्लेख त्या टिपेत हमखास असतो, विद्यार्थ्यांनाही तो लक्षात राहतो. सीतागीत नेमलेले आमच्या पाहण्यात नाही. ते नेमावे, आणि वर्गात कोणा विद्यार्थिनीला चालीवर म्हणायला सांगावे. पंडिती काव्याची वैशिष्ट्ये त्यानंतरच्या तासाला सांगता येतील.