मधाच्या पेट्या उचलायला यंत्र घ्यावे का?

शहापूर भागातला एक तरुण मधपाळ परवा कचेरीत आला. हातात छोट्या फोर्कलिफ्ट लोडरचे रंगीत माहितीपत्रक आणि कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा. म्हणाला, "साहेब, शंभर पेट्या झाल्या. आता उचलवत नाही. हे यंत्र घेतो म्हणतो, बँकेचा अर्ज लिहून द्या." अर्ज लिहायला अर्धा तास लागतो, हप्ते फेडायला वर्षे लागतात. म्हणून त्याला जे सांगितले, तेच येथे मांडतो.

पहिला प्रश्न असा की पेट्या हलवाव्याच का लागतात? आपला जिल्हा धानाचा. धानाला मधमाशीची गरज नाही आणि धानात मधमाशीला मकरंद नाही. उलट तुडतुडे-खोडकिड्यावरची फवारणी तिचा जीव घेते. धुऱ्यावरची तूर फुलते तेव्हा काही दिवस बरे जातात, पुढे मोहरी, उन्हाळ्यात करंज. मधल्या काळात पेट्या दुसऱ्या फुलोऱ्यावर न्याव्याच लागतात. त्यातही दोन-चार शेते पलीकडे नेऊन भागत नाही, माश्या जुन्या जागी परततात. निदान तीन-चार किलोमीटर दूर जावे लागते. म्हणजे ट्रक आला, आणि ट्रक आला की उचल-ठेव आली.

आपली सातेरी माशी असेल तर तिची पेटी लहान, एक माणूस उचलतो. पण व्यवसायासाठी बहुतेक जण पाळतात ती मेलिफेरा. तिची मधाने भरलेली दोन मजली पेटी 40 ते 50 किलोपर्यंत जाते. आता हिशेब करा. शंभर पेट्या, वर्षात सहा स्थलांतरे, प्रत्येक वेळी एकदा चढवणे आणि एकदा उतरवणे. झाल्या 1200 उचली. पेटी 45 किलोची धरली तर वर्षाला 54 टन वजन, तेही रात्रीच्या अंधारात, बुरखा घालून, ओल्या बांधीत. त्या पोराची कंबर उगाच नाही गेली. तेव्हा 'आमच्या बापजाद्यांनी पोती उचलली' असे म्हणून त्याला हिणवू नका. त्याचे दुखणे खरे आहे.

पण दुखणे खरे म्हणून औषध कोणतेही चालते असे नाही. समजा यंत्राचा हप्ता, डिझेल, चालक, दुरुस्ती मिळून वर्षाला दीड लाख खर्च आला. 1200 उचलींवर तो वाटला तर एका उचलीला 125 रुपये पडले. पाचशे पेट्या असतील तर उचली होतात 6000, आणि तोच खर्च 25 रुपयांवर येतो. शिवाय यंत्र जसे चढवण्याच्या जागी हवे, तसेच उतरवण्याच्या जागीही हवे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बदामबागांसाठी दर फेब्रुवारीत लाखो वसाहती जातात. तिथले मधपाळ एका फळीवर चार पेट्या ठेवतात आणि लोडर ट्रकच्या मागे ट्रेलरवर ओढून नेतात. त्यांच्या पेट्या हजारांत मोजायच्या असतात. आपल्याला तो ट्रेलरही खर्चात धरावा लागेल.

ज्यांचा व्याप खरोखर मोठा आहे, त्यांनी यंत्र घेताना या गोष्टी पाहाव्यात. चार पेट्यांची फळी साधारण 200 किलोची, दोन थर उचलले तर 400. म्हणजे सात-आठशे किलो क्षमतेचे यंत्र पुरे. गोदामातले अडीच-तीन टनी यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. ते स्वतःच चार टनांच्या घरात असते, चाके लहान, पोट जमिनीला टेकलेले. आपल्या कन्हार जमिनीत पावसानंतर ते रुतले की काढायला दुसरे यंत्र बोलवा! हवेचे रुंद टायर आणि चारही चाकांना ताकद असलेलेच घ्या.

क्षमता वाचताना ती किती अंतरावर दिली आहे तेही विचारा. बहुधा ती काट्याच्या मुळापासून 500 मिलिमीटरवर मोजलेली असते. चार फुटी फळीचे वजन त्याहून पुढे येते, तेवढी क्षमता घटते. ट्रकचा फाळका चार-पाच फुटांवर असतो. त्यावर दुसरा थर रचायचा तर काटे सात-आठ फूट वर गेले पाहिजेत. धक्का न देता सावकाश उचलणारे हवे, कारण हादऱ्याने माश्या चवताळतात. दिव्यांना लाल काच लावा, माशीला लाल रंग दिसत नाही. चालकावर पिंजरा आणि पट्टा हवाच. धुऱ्यावरून यंत्र कलंडले तर माणूस वाचला पाहिजे.

आणि शंभर पेट्यांवाल्याने काय करावे? स्थलांतराआधी मधाचा मजला काढून घ्यावा, वजन तिथेच बरेच उतरते. दोघांनी धरायची लोखंडी उचल गावच्या लोहाराकडून करून घ्यावी. हवेच्या चाकाची ढकलगाडी आणि ट्रकला लावायची मजबूत फळी ठेवावी. घरी ट्रॅक्टर असेल तर मागच्या हायड्रॉलिकला काटे बसवता येतात. मात्र ते दोन-अडीच फुटांपुढे फारसे उचलत नाहीत, बांधीतून रस्त्यापर्यंत आणण्यापुरते समजा. पाच-सहा मधपाळांनी मिळून एक लोडर घेतला तर तोही विचार चांगला, पण फुलोरा सर्वांचा एकाच वेळी येतो. पाळी कोणाची, हे आधी कागदावर लिहा.

अनुदानाचे म्हणाल तर राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियान 2020 साली जाहीर झाले, राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाची मध केंद्र योजनाही आहे. त्यात पेट्या-साहित्य बसते म्हणून लोडरही बसेल असे गृहीत धरू नका. आधी लेखी विचारा, मग विसार द्या. दुकानदाराच्या तोंडी भरवशावर सही करू नका.

त्या तरुणाचा अर्ज आम्ही लिहिला नाही. त्याला ढकलगाडी आणि उचल करून घ्यायला सांगितले, आणि पेट्या तीनशेच्या वर गेल्या की परत ये म्हटले. तो थोडा नाराज झाला. पण कमरेचा पट्टा आज ना उद्या सुटतो, कर्जाचा फास सहसा सुटत नाही. पेट्या आधी वाढवा, मग यंत्र आणा.