तीन मिनिटांत न मावलेलं

यंदाचा विशेष विभाग गिरणगावच्या शाहिरांवर करायचं ठरलं आणि पहिली अडचण आली ती ऐकण्याचीच. अण्णा भाऊ साठे वाचता येतात. अमर शेखांचा ‘कलश’ शोधला तर मिळतो. पण १९४४ साली उभं राहिलेलं लाल बावटा कलापथक, म्हणजे हे दोघे आणि द. ना. गवाणकर, कामगारांपुढे जसं गाजलं तसं आज कानावर पडत नाही.

त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. पोवाड्यात तेवढ्यात शाहिराचा नुसता सूर लागतो! झीलकऱ्यांची साथ, समोरचा चेहरा पाहून मारलेली कोपरखळी, हे सगळं त्यानंतरचं. अण्णा भाऊंनी गणातल्या गणपतीच्या जागी मातृभूमी आणि कष्टकरी आणले, गवळण गाळली, तमाशाचं लोकनाट्य केलं. ‘अकलेची गोष्ट’सारख्या वगातलं गाणं प्रसंगातून सुटं काढलं की निम्मं होतं.

सिनेमानेही फारसं राखलं नाही. १९६१च्या ‘वैजयंता’ची कथा अण्णा भाऊंची, गाणी गदिमांची. गाणी फक्कडच आहेत. तरी कवनं रचणाऱ्याकडून नुसती कथा घ्यावी, हे आम्हाला खटकतं.

त्याच वर्षी अण्णा भाऊ रशियाला गेले. स्टालिनग्राडचा पोवाडा त्यांनी महायुद्ध चालू असतानाच रचला होता. अण्णा भाऊ गेले तेव्हा मॉस्कोत व्लादिमीर व्हिसोत्स्की हा तरुण नट गिटारवर पहिली गाणी बांधत होता. पुढे टागांका नाट्यगृह आणि चित्रपटांनी त्याला नाव दिलं. सरकारी तबकडी कंपनीने हयातीत त्याची मोजकीच गाणी काढली. बाकीची लोकांनी टेपवरून टेपवर उतरवून घरोघर नेली. आमच्या शाहिरांच्या ऐन उमेदीत चाळीतल्या खोलीत टेपरेकॉर्डर कुठला? आणि १९६९च्या जुलै-ऑगस्टमध्ये, दीड महिन्याच्या आत, अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही गेले.

उरलं ते वह्यांत आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी. करी रोडला चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होते तेव्हा माळ्यावरचे कागद आधी रद्दीत जातात. तेव्हा वाचकहो, घरी गाण्यांची वही, कार्यक्रमाची पत्रिका, एखादी कॅसेट असेल तर कळवा. मूळ प्रत पाठवू नका, आम्ही येऊन फोटो काढू. आजोबांना नुसती चाल आठवत असेल, शब्द अर्धेच येत असतील, तरी चालेल. गाऊ द्या त्यांना. फोनवर रेकॉर्ड करून घ्या.