ज्ञानाचीही जकात असते

रमजानच्या सतराव्या तारखेला, हिजरी सन २ मध्ये, बद्रची लढाई झाली. त्या लढाईत कैद झालेल्या मक्केच्या काही लोकांजवळ सुटकेसाठी द्यायला पैसा नव्हता, पण त्यांना लिहिता-वाचता येत होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अशा कैद्यांना मदिनेतील दहा-दहा मुलांना अक्षरओळख करून देण्याच्या बदल्यात मुक्त केले, असे इस्लामी इतिहासकार सांगतात. काल तलवार घेऊन समोर उभा असलेला माणूस आज मुलांचा उस्ताद झाला. बद्रची आठवण आपण बहुधा विजयासाठी काढतो. शिकवण्याच्या पेशात असल्याने मला त्यातला हा वर्ग अधिक मोलाचा वाटतो.

आज अशाच एका वर्गाविषयी लिहायचे आहे. तो अमेरिकेत भरतो. कधी सार्वजनिक ग्रंथालयात, कधी चर्चच्या खोलीत, कधी मशिदीच्या सभागृहात. दिवसभराच्या कामावरून आलेली माणसे तिथे वही-पेन घेऊन बसतात आणि स्वयंसेवक त्यांची नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करून घेतात. आपल्या गावाशी याचा संबंध काय, असे कुणी विचारील. अमेरिकेच्या २०२४ च्या आर्थिक वर्षात तिथे सुमारे ८ लाख १८ हजार लोक नवे नागरिक झाले. त्यांत मेक्सिकोखालोखाल संख्या भारतात जन्मलेल्यांची होती. आपल्याही कितीतरी घरांतली एखादी भाची, एखादा जावई, एखादी चुलती तिकडे आहे.

ही परीक्षा आता अधिक कठीण झाली आहे. पूर्वी १०० प्रश्नांच्या यादीतून १० पर्यंत प्रश्न विचारत आणि ६ बरोबर आले की पुरे होत. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी यादी १२८ प्रश्नांची आहे. त्यातले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात, तेही अधिकाऱ्यासमोर तोंडी. शिवाय इंग्रजीतले एक वाक्य वाचून दाखवायचे आणि एक लिहायचे. नापास झाल्यास त्याच अर्जावर आणखी एकच संधी मिळते. अर्जाची फीच सातशे डॉलरहून अधिक आहे.

‘ज्याला त्या देशाचे व्हायचे आहे, त्याने तिथली भाषा आणि राज्यघटना शिकावी. त्यात मदत कसली?’ असा आक्षेप घेतला जातो. त्याचा पूर्वार्ध मला मान्य आहे. एक काळ असा होता की, कितीही अभ्यास केला तरी उपयोग नव्हता. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंद यांना १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले, कारण ते ‘गोरे’ ठरले नाहीत. भारतीयांसाठी हा दरवाजा १९४६ च्या कायद्याने उघडला. कातडीचा रंग बदलता येत नाही, प्रश्नांची उत्तरे मात्र शिकता येतात. म्हणून परीक्षा असण्याला माझा विरोध नाही.

पण शिकायला वेळ लागतो आणि वेळ सर्वांना सारखा मिळत नाही. संगणक अभियंत्याला ही यादी दोन रविवारांची. रात्रपाळीत साफसफाई करणाऱ्याला, हॉटेलच्या भटारखान्यात राबणाऱ्याला, आयुष्यात शाळेची पायरी न चढलेल्या आजीला तीच यादी डोंगराएवढी. त्यांची त्या देशावरची निष्ठा तसूभरही कमी नसते, कमी असते ती फुरसत. हे अंतर कायदा भरून काढत नाही, शेजारी भरून काढतो. मक्केहून आलेल्या मुहाजिरांसाठी मदिनेच्या अन्सारांनी हेच केले होते.

मदत मात्र जाणून-समजून व्हावी. नुसती घोकंपट्टी पुरत नाही. अनेकांचा घात प्रश्नांच्या यादीत होत नाही, तो अर्जावरच्या प्रश्नांत होतो. ‘तुम्हाला कधी अटक झाली आहे का?’ असे इंग्रजीत विचारल्यावर न समजता ‘हो’ म्हणून मान डोलावणे महागात पडू शकते. म्हणून आधी बोलण्याचा सराव हवा. दुसरे म्हणजे, शिकवणाऱ्याने वकिली करू नये. लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांत ‘नोतारिओ’ हा जाणता कायदेपंडित असतो, तर अमेरिकेतला नोटरी मुख्यतः सह्या साक्षांकित करतो. या नामसाधर्म्याचा फायदा घेऊन गरिबांना लुबाडणारे तिथे पुष्कळ आहेत. अर्जात कायद्याची गुंतागुंत असेल तर अधिकृत सल्लागाराकडेच पाठवावे.

तिसरी गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. वय ५० आणि कायम वास्तव्याची २० वर्षे, किंवा वय ५५ आणि १५ वर्षे झालेल्यांना इंग्रजीच्या परीक्षेतून सूट मिळते. राज्यघटना आणि इतिहासाची उत्तरे ते दुभाष्याच्या मदतीने आपल्या भाषेत देऊ शकतात, मराठीत किंवा उर्दूतही. वय ६५ आणि वास्तव्य २० वर्षांचे असेल तर अभ्यासाची यादीही फक्त २० प्रश्नांची. म्हणजे तिकडच्या चुलतीची तयारी इथे बसलेली पुतणी फोनवरून करून घेऊ शकते.

‘आम्ही लोक’ या शब्दांनी अमेरिकेची राज्यघटना सुरू होते. त्यांचा अर्थ सांगताना ‘आम्ही भारताचे लोक’ची आठवण आल्याशिवाय राहणार नाही. आपल्याला हे शब्द जन्माने, विनापरीक्षा मिळाले. आपल्या घटनेवरचे वीस प्रश्न आपल्याला कुणी विचारले, तर बारा येतील का, हेही या निमित्ताने पाहावे. दुसऱ्याला शिकवताना पुतणी स्वतःही नागरिकशास्त्र शिकेल.

रमजानमध्ये आम्ही जकातीचा हिशेब करतो, बचतीच्या अडीच टक्के. आठवड्याचे तास १६८. त्याचे अडीच टक्के म्हणजे चार तासांहून थोडे अधिक. ज्याच्याकडे विद्या आहे, तो कुठल्याही धर्माचा असो, त्याला एवढे देणे जड जाऊ नये. पैशाची जकात देताना शिल्लक कमी होते. ही जकात देऊन मात्र कुणाची शिल्लक घटल्याचे मी पाहिलेले नाही.