गिलावा उतरवण्याआधी

छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) जुन्या वस्तीतून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलाचे लग्न ठरले आहे आणि माडीवरची खोली त्याला द्यायची आहे. मुलाने मोबाइलवर उघड्या विटांच्या भिंती पाहिल्या आणि आता त्याला आपल्या खोलीचा गिलावा उतरवून तशीच लाल भिंत हवी आहे. ठेकेदार म्हणतो, दोन दिवसांचे काम आहे. सासूबाई म्हणतात, भिंतीला हात लावायचा नाही. ‘कोणाचे ऐकावे?’ असे भगिनींनी विचारले आहे.

आमचे उत्तर सरळ आहे. सासूबाईंचे ऐकावे. पण मुलाची हौसही वाईट नाही, म्हणून कारण नीट सांगायला हवे.

मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली तेव्हापासून या शहरात दगड, वीट, चुना आणि माती अशी चारही प्रकारची घरे बांधली गेली. जुन्या मोहल्ल्यांत खाली काळा दगड आणि वर वीट असे बांधकाम बरेच दिसते. सांध्यांत कुठे चुना आहे, तर कुठे नुसती माती. या विटा दाखवण्यासाठी लावलेल्याच नव्हत्या. वर गिलावा येणार हे गवंड्याला ठाऊक होते, म्हणून त्याने तुकडे वापरले, कमी भाजलेल्या विटा आत घातल्या, थर वर-खाली झाले तरी चालवून घेतले. यात त्याची लबाडी नव्हती, तेव्हाची रीतच तशी होती. अशा भिंतीचा गिलावा म्हणजे तिची कातडी. ती सोलली की सांध्यातली माती झडू लागते. छिन्नीने विटेचा भाजलेला पृष्ठभाग उडतो, आतला मऊ भाग उघडा पडतो आणि मग रोज सकाळी चादरीवर लाल भुकटी सापडते. घरात कोणाला दमा असेल तर त्याचे हाल विचारू नका.

त्याहून मोठी गोष्ट भिंतीच्या आत असते. जुनी जाड भिंत बहुधा एकसंध नसते. दोन बाजूंना दोन पदर आणि मध्ये दगडमातीची भर, अशी तिची रचना असते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या, त्यामागे हेही एक कारण होते. पदर एकमेकांना बांधलेले नव्हते, धक्क्याने ते सुटे झाले आणि वरचे जड माळवद खाली आले. आपल्या मराठवाड्याने हा धडा फार महाग घेतला आहे. तेव्हा अशा भिंतीवर विजेचा हातोडा चालवण्यापूर्वी तरी एखाद्या अनुभवी इंजिनियरला घर दाखवा. ‘दोन दिवसांचे काम’ म्हणणारा ठेकेदार तिसऱ्या दिवशी तिथे नसतो.

आणि गिलाव्यात कमीपणा कसला? आपल्याच शहरात दिलरास बानू बेगम यांच्या स्मरणार्थ सतराव्या शतकात उभा राहिलेला बीबी का मकबरा पाहा. खालच्या पट्ट्यात आणि घुमटावर संगमरवर आहे, बाकीच्या बऱ्याच भागात दगडी बांधकामावर चुन्याचा गिलावा आहे. लोक त्याला गरिबांचा ताज म्हणून हिणवतात. आम्हाला मात्र चुन्यात एवढी नजाकत साधणाऱ्या कारागिरांचे नेहमी कौतुक वाटते.

पत्रातले एक वाक्य आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटले. खोलीची मागची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून बुखारी आणि मुस्लिममध्ये आलेल्या हदीसचा आशय असा आहे, की शेजाऱ्याला आपल्या भिंतीत लाकूड बसवायचे असेल तर त्याला अडवू नये. म्हणजे भिंतीवर शेजाऱ्याचाही हक्क मानला गेला आहे. मग त्याचे वासे जिच्यावर टेकले आहेत ती भिंत त्याला न विचारता कशी खरवडायची? भगिनींच्या घराची वाटणीही अजून झालेली नाही. दिरांची संमती हवीच, आणि ती लग्नाच्या गडबडीत तोंडदेखली घेतलेली नसावी.

ठेकेदाराने दुसरा पर्यायही दिला आहे. गिलावा तसाच ठेवायचा आणि त्यावर विटेच्या पातळ चकत्या चिकटवायच्या. भिंतीला यात धोका कमी, पण ओल असलेल्या भिंतीवर त्या टिकत नाहीत, आणि खर्च चांगलाच येतो. इथे आम्हाला हजरत आयेशा (रजि.) यांची हदीस आठवते. प्रेषित (स.) प्रवासाहून परतले तेव्हा दाराला सजावटीचे कापड लावलेले होते. त्यांनी नाराजीने ते ओढून काढले. दगडमातीला कपडे घालायला अल्लाहने आपल्याला सांगितलेले नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हजरत आयेशांनी (रजि.) मग त्याच कापडाच्या दोन उशा केल्या, त्याला त्यांनी हरकत घेतली नाही. आम्ही फतवा देत नाही, तो आमचा अधिकार नाही. पण साधेपणा दिसावा म्हणून भिंतीला विटेचा महागडा पोशाख चढवणे आम्हाला विचित्र वाटते. लग्नाआधी तो पैसा खोलीच्या गळक्या छतावर लागला तर सुनेला अधिक सुख मिळेल.

उघडी वीट शोभते ती पहिल्या दिवसापासून उघडी ठेवायची म्हणून बांधलेल्या भिंतीत. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले आणि केरळात स्थायिक झालेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर (1917-2007) यांनी तिरुवनंतपुरमला अशी पुष्कळ बांधकामे केली. त्यांचे गणित काटकसरीचे होते. वीट चांगली आणि काम सफाईचे असेल तर गिलाव्याचा आणि रंगाचा खर्च वाचतो. ‘रॅट ट्रॅप’ नावाच्या बांधणीत ते विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावत. त्यामुळे नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते, सुमारे पाव हिस्सा विटा कमी लागतात आणि ऊनही आत कमी येते. नुसता गिलावा काढल्याने खोली थंड होते असे जे सांगतात त्यात तथ्य नाही. गारवा भिंतीच्या जाडीने आणि पोकळीने येतो.

भगिनींच्या अंगणातली आडोशाची भिंत पडायला आली आहे आणि ती नव्याने बांधायचीच आहे. मुलाची हौस तिथे भागवता येईल. वीट निवडताना दोन विटा एकमेकींवर आपटून पाहा, खणखणीत आवाज आला पाहिजे. नखाने ओरखडा उठता कामा नये. कोरडी वीट वजन करून 24 तास पाण्यात बुडवा. तीन किलोच्या विटेने सहाशे ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायले तर ती नको. एक वीट बशीत इंचभर पाण्यात उभी करा आणि सुकू द्या. वर पांढरी खार आली तर उद्या भिंतीला लोणा लागणार हे समजा. परळीच्या राखेच्या विटा आपल्याकडे खूप मिळतात, त्या सरळ आणि स्वस्त असतात, पण रंग करडा असतो. मुलाला लालच हवी असेल तर आधीच सांगा.

गवंडी असा शोधा, ज्याला दरजा भरता येतात. सांधा सगळीकडे सारखा आणि ओळंबा चोख हवा, कारण चूक झाकायला वर काही येणार नाही. दिव्याची वायर जाणार असेल तर नळी बांधतानाच आत घालून घ्या, नंतर झिरी पाडली की भिंत विद्रूप होते. वुजूचा नळ या भिंतीवर नको, तो शेजारच्या फरशीच्या भिंतीवर घ्या. खिळा मारायचा झाला तर विटेत न मारता सांध्यात मारा. चकाकणारे वार्निश लावू नका, आतली ओल अडकते.

सगळी भिंत एकदम सांगण्यापूर्वी गवंड्याकडून तीन फुटांचा तुकडा बांधून घ्या. विटा भिजवायला आणि भिंतीवर मारायला बोअरचे खारे पाणी वापरू नका, नळाचे साठवून ठेवा. महिनाभर तो तुकडा पाहा आणि मग पुढचे काम सांगा.